'मे'चं काय घेऊन बसलात!

"मेयकमिन्सर" हा मराठीतला एक अखंड शब्द आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जा किंवा कॉन्व्हेंटमध्ये जा, उशिरा आलेला मुलगा वर्गाच्या दारात उभा राहतो, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकतो, दप्तराचा बंद सावरतो आणि हा शब्द फेकतो. शब्द संपेपर्यंत दुसरा पायही आत आलेला असतो. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असले, तर मुलगा बाकावर टेकलेलाही असतो. परवानगी मागितली एवढं पुरतं; ती मिळाली का, याची चौकशी कुठल्याही वर्गात कुणी करत नाही. वर्गावर सरांऐवजी बाई असल्या तरी काही मुलं सवयीनं "मेयकमिन्सर"च म्हणतात आणि बाईही ते चालवून घेतात. तो शब्द आपल्यासाठी नसून दारासाठी आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

तर हा 'मे'. इंग्रजीतलं एक चिमुकलं सहायक क्रियापद. व्याकरणाच्या पुस्तकात त्याच्या नावावर तीन खाती आहेत: परवानगी, शक्यता आणि शुभेच्छा. मराठी मुलाला यात काहीच नवं वाटत नाही, कारण त्याची 'मे'शी ओळख कॅलेंडरवर आधीच झालेली असते. आंबे किती खायचे, पत्ते किती वेळ कुटायचे, उन्हात किती भटकायचं, या सगळ्याची परवानगी मे महिन्यातच असते. एक मेला निकाल, म्हणजे पास होण्याची शक्यताही मे महिन्यातच. आणि निकाल बरा लागला तर शेजारपाजारच्यांच्या शुभेच्छाही त्याच दिवशी, पेढ्याच्या मोबदल्यात. इंग्रजांनी तीन अर्थांचा एक शब्द केला आणि आपण त्याची सुट्टी केली.

अडचण येते ती 'कॅन'मुळे. एखादा मुलगा पाय एकमेकांत अडकवून "कॅन आय गो टु टॉयलेट?" असं विचारतो आणि इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंच्या अंगात एकदम शुद्धतेचं वारं येतं. "तुला जाता येतं का, ते मला कसं ठाऊक? 'मे' म्हण, 'मे'!" 'कॅन' म्हणजे क्षमता, 'मे' म्हणजे परवानगी, हा नियम त्या वेळी मुलाला तोंडपाठ असतो, पण त्याची सगळी क्षमता दुसऱ्याच कामात गुंतलेली असते.

बाईंना कुणी सांगितलेलं नसतं की इतिहास मुलाच्या बाजूनंही नाही आणि त्यांच्या बाजूनंही नाही. जुन्या इंग्रजीत 'मे'चा अर्थच मुळी 'अंगात बळ असणं' असा होता. इंग्रजीत ताकदीला 'माइट' म्हणतात, तो याच घरातला शब्द. जर्मन लोक सत्तेला 'माख्त' म्हणतात, तोही चुलत भाऊ. उलट 'कॅन' म्हणजे 'ठाऊक असणं'. म्हणजे आल्फ्रेड राजाच्या काळात, नवव्या शतकात, एखाद्या पोरानं आजच्या बाईंचं ऐकून 'मे' वापरलं असतं, तर त्याचा अर्थ झाला असता, "माझ्यात तिथवर जाण्याचं बळ आहे का?" आणि तेव्हाच्या बाईंनी म्हटलं असतं, ते मला कसं ठाऊक?

पुढच्या हजार वर्षांत 'मे'च्या अंगातलं बळ ओसरत गेलं. ती जागा 'कॅन'नं बळकावली आणि 'मे' दारात उभा राहून परवानग्या मागू लागला. आपण इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपल्याकडे 'शक्' या एकाच धातूपासून शक्तीही आली आणि शक्यताही आली. "मी येऊ शकतो का?" असं जो विचारतो, त्याच्याकडे शक्ती असती तर त्यानं विचारलंच नसतं.

'मे'चा धाकटा अवतार म्हणजे 'माइट'. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये याची टक्केवारी सांगतात: 'मे' म्हणजे पन्नास टक्के, 'माइट' म्हणजे तीस. ही टक्केवारी कुणी मोजली, हे विचारायचं नसतं. एवढं खरं की इंग्रज माणूस "आय माइट कम" म्हणाला, तर त्याच्यासाठी भात टाकू नये. आपल्याकडे "बघतो, जमलं तर येतो" म्हणणाऱ्याचंही तेच. मात्र त्याच्यासाठी भात टाकावा लागतो, कारण तो आला नाही तर त्याची बहीण येते.

जाता जाता एक गोष्ट. २०१६ साली ब्रिटनला मे आडनावाच्या पंतप्रधान मिळाल्या. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा थेरेसा मे यांचा करार त्यांच्याच संसदेनं तीनदा फेटाळला, त्यातला पहिला तर २३० मतांच्या फरकानं, आणि आपण पायउतार होणार असं त्यांनी जाहीर केलं ते २०१९च्या मे महिन्यात. याचा व्याकरणाशी काहीही संबंध नाही. पण राहवलं नाही.

'मे'चं खरं आयुष्य सुरू होतं ते कचेरीत. इंग्रज गेले, पण जाताना फायलीत 'मे' ठेवून गेले. खालचा कारकून वरच्यासाठी टिपणी लिहितो: "मे काइंडली बी अप्रूव्ह्ड." म्हणजे साहेब, पाया पडतो, सही करा. वरचा अधिकारी त्याच फायलीवर खालच्यासाठी लिहितो: "मे बी पुट अप टुमॉरो." म्हणजे उद्या सकाळी टेबलावर दिसली नाही तर बघून घेईन. शब्द तोच, फाईल तीच, शाईसुद्धा बहुधा एकाच भांडारातून आलेली. वर जाताना 'मे' हात जोडून जातो आणि उतरताना डोळे वटारून येतो. 'मे'चा अर्थ काय, हे सांगायला म्हणून शब्दकोश पुरत नाही. लिहिणाऱ्याची खुर्ची कितव्या मजल्यावर आहे ते कळावं लागतं.

मराठीत कारभार आल्यावर हे सगळं विध्यर्थाच्या गळ्यात पडलं. "मान्यता देण्यात यावी." "तपासून सादर करावे." "नियमानुसार उचित कार्यवाही करावी." शाळेत विध्यर्थाबद्दल शिकवतात की त्यातून कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता असे चार-चार अर्थ निघतात. कचेरीत पाचवा निघतो, तो म्हणजे 'हे माझ्या टेबलावरून हलावं'. "उचित कार्यवाही करावी" या वाक्याचं सौंदर्य असं की त्यात कुणी करावी, काय करावी, कधी करावी, यातलं काहीही नाही, आणि तरीही वाक्य व्याकरणदृष्ट्या परिपूर्ण आहे. फाईल खालच्याकडे जाते. तोही काही करत नाही, कारण 'उचित' काय ते ठरवायचा अधिकार त्याला नाही. तो लिहितो, "मार्गदर्शन व्हावे." फाईल पुन्हा वर निघते.

वकिलांचं मात्र असं नसतं, अशी आपली समजूत. कायद्याच्या पहिल्या वर्षाला सांगतात: 'मे' म्हणजे मर्जी, 'शॅल' म्हणजे सक्ती. विद्यार्थी वहीत लाल शाईनं चौकट करतो. दुसऱ्या वर्षाला ती चौकट मोडायला शिकवतात.

याची सुरुवात इंग्लंडात झाली. विंडसरजवळच्या क्लूअर गावचे डॉ. ज्युलियस यांना आपल्या चर्चमधल्या पाद्रीबुवांची पूजाअर्चा पसंत नव्हती. फार सोवळंओवळं, फार थाटमाट. त्यांनी ऑक्सफर्डच्या बिशपकडे तक्रार केली की चौकशी नेमा. कायद्यातले शब्द होते की चौकशी नेमणं बिशपना 'शॅल बी लॉफुल', म्हणजे कायदेशीर राहील. तोंडाला 'शॅल' आणि पोटात 'मे', अशी ती तरतूद. बिशप म्हणाले, मी नेमत नाही. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८८० साली निकाल लागला की या शब्दांनी बिशपना फक्त अधिकार मिळतो, बंधन पडत नाही. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण लॉर्ड मंडळींनी असंही सांगून ठेवलं की अधिकाराच्या पोटी कधी कधी कर्तव्य दडलेलं असतं, आणि तसं असेल तर नुसत्या परवानगीच्या भाषेलाही हुकूम समजावं. म्हणजे 'मे' हा कधी कधी 'शॅल' असतो. कधी, ते प्रत्येक वेळी कोर्टात येऊन विचारा. त्या दिवसापासून या एका अक्षरावर वकिलांच्या किती पिढ्या जेवल्या असतील, याचा हिशेब करायला वकीलच लावावा लागेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली उलटी बाजू पूर्ण केली. उत्तर प्रदेशातल्या मनबोधनलाल श्रीवास्तव नावाच्या सरकारी नोकराचं प्रकरण होतं. सरकारी नोकरावर कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, असं घटनेच्या ३२०व्या अनुच्छेदात चांगलं 'शॅल' घालून लिहिलेलं आहे. सल्ला नीट घेतला नाही म्हणून कारवाई रद्द करा, असं त्यांचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, इथला 'शॅल' मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. सल्ला राहिला म्हणून कारवाई बाद होत नाही. झालं. 'मे'चा 'शॅल' होतो आणि 'शॅल'चा 'मे' होतो. वहीतली लाल चौकट धुऊन निघाली.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो घटनेचा चौथा भाग. मार्गदर्शक तत्त्वांचा. तिथं 'शॅल'ची अक्षरशः रांग लागलेली आहे. राज्य अमुक करील, राज्य तमुकासाठी प्रयत्न करील. वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो. आणि त्या रांगेच्या दारातच ३७वा अनुच्छेद उभा आहे, जो सांगतो की यातलं काहीही कोणत्याही न्यायालयाकडून अंमलात आणून घेता येणार नाही. हे सांगायलाही 'शॅल'च वापरलेला आहे. सगळ्या भागातला तेवढाच एक 'शॅल' कोर्टात खणखणीत वाजतो.

राष्ट्रपतींच्या बाबतीत तर या दोन शब्दांची चक्क फुगडी झालेली आहे. मूळ घटनेत होतं की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला त्यांनी मानलाच पाहिजे, असं काही लिहिलेलं नव्हतं. १९६० साली एका जाहीर भाषणात डॉ. राजेंद्रप्रसादांनीच हा प्रश्न अभ्यासकांपुढे टाकला आणि दिल्लीत अनेकांचा चहा थंड झाला. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीनं संशय फेडून टाकला: राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागतील, 'शॅल'. दोन वर्षांनी, १९७८ साली, ४४व्या दुरुस्तीनं थोडी हवा येऊ दिली: राष्ट्रपती मंत्रिमंडळाला फेरविचार करायला सांगू शकतील, 'मे'. आणि फेरविचारानंतर जो सल्ला येईल त्यानुसार वागतील, पुन्हा 'शॅल'. हे वाचून घटनापंडित गंभीर होतात. मला आमच्या वाड्यातले एक आजोबा आठवतात. घरातले कर्ते तेच, दारावर पाटी त्यांचीच. सूनबाई सकाळी सांगायच्या, "आज दुधी." आजोबा एकदा विचारू शकत, "अगं, पुन्हा बघ ना, वांगी नाहीत का?" सूनबाई टोपलीत डोकावून फेरविचार करत. मग दुधी होई आणि आजोबा तो स्वतःच्या सहीनं खात.

पण या 'मे'नं एकदा सबंध देशाला वेठीला धरलं होतं, आणि ती गोष्ट निवांत सांगण्यासारखी आहे.

१९५० साली घटनेनं ठरवलं की संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी असेल आणि इंग्रजी आणखी पंधरा वर्षं चालू राहील. पंधरा वर्षं म्हणजे २६ जानेवारी १९६५. सुरुवातीला पंधरा वर्षं फार लांब वाटतात. मुलगी जन्मल्यावर बापाला वाटतं तशी. तारीख जवळ येऊ लागली तशी मद्रासकडची मंडळी अस्वस्थ झाली. १९५९ साली नेहरूंनी लोकसभेत शब्द दिला की हिंदी न बोलणाऱ्या लोकांना हवी आहे तोवर इंग्रजी जोडभाषा म्हणून राहील. शब्द चांगला होता, पण तो शब्दच होता; त्याचा कायदा करायचा म्हणून १९६३ साली राजभाषा विधेयक आलं. गृहमंत्री होते लालबहादूर शास्त्री. विधेयकात लिहिलं होतं की पंधरा वर्षांची मुदत संपल्यावरही हिंदीच्या जोडीला इंग्रजी वापरली जाणं चालू राहू शकेल. इंग्रजीत, 'मे कंटिन्यू'.

तमिळ माणसांचं इंग्रजी पक्कं. त्यांनी 'मे' वाचला आणि तिथंच बोट ठेवलं. द्रमुकचे अण्णादुराई तेव्हा राज्यसभेत होते. त्यांचा आणि इतर विरोधकांचा सवाल साधा होता: 'मे कंटिन्यू' म्हणजे चालू राहू शकेल, म्हणजे चालू राहणारही नाही. उद्या एखादं सरकार म्हणेल, राहू शकेल असं म्हटलं होतं, राहीलच असं कुठं म्हटलं होतं? 'मे' काढा, 'शॅल' घाला. नेहरूंचं उत्तर असं की या कायद्याच्या संदर्भात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे. त्यावर विरोधकांनी विचारलं, अर्थ एकच असेल तर मग 'शॅल'च घाला की! हा प्रश्न इतका बिनतोड होता की त्याला कुणी उत्तर दिलं नाही. 'मे' जिथल्या तिथं राहिला आणि विधेयकाचा कायदा झाला.

यात नेहरूंचा काही कावा असावा, असं मला वाटत नाही. हिंदीवाल्यांच्या पुढे 'शॅल' ठेवता येत नव्हता आणि तमिळांच्या पुढे 'मे' ठेवून भागत नव्हतं. मग हिंदीवाल्यांनी डोळ्यांनी 'मे' वाचावा आणि तमिळांनी कानांनी 'शॅल' ऐकावा, अशी ती योजना होती. दोन्ही बाजूंना आपापला अर्थ घरी नेता येईल असा शब्द शोधणं हेच राजकारण, आणि इंग्रजीत त्यासाठी 'मे'इतका सोयीचा शब्द नाही.

फक्त अशा शब्दाचा जामीन तो बोलणारा माणूस असतो. नेहरू १९६४च्या मे महिन्यात गेले. 'मे म्हणजे शॅल' हा अर्थ कायद्यात कुठंच लिहिलेला नव्हता. तो त्यांच्यापाशीच होता. १९६५चा जानेवारी उजाडला आणि मद्रास राज्यात विद्यार्थी रस्त्यावर आले. तरुणांनी अंगावर पेट्रोल ओतून जाळून घेतलं, पोलिसांचा गोळीबार झाला; सरकारी हिशेबानंच सत्तरच्या आसपास माणसं गेली. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन या केंद्रातल्या दोन मंत्र्यांनी राजीनामे पुढे केले. शास्त्री आता पंतप्रधान होते. विधेयक मांडताना ज्या 'मे'ची बाजू त्यांच्या सरकारनं सावरली होती, त्याच 'मे'च्या पायी आता त्यांना आकाशवाणीवर येऊन सांगावं लागलं की नेहरूंनी दिलेला शब्द पाळला जाईल.

शेवटी १९६७ साली इंदिरा गांधींच्या काळात कायदा दुरुस्त झाला. आता त्यात सरळ लिहिलं गेलं की ज्या राज्यानं हिंदी राजभाषा म्हणून स्वीकारलेली नाही, त्याच्याशी पत्रव्यवहार करताना केंद्र इंग्रजी वापरील, 'शॅल'. आणि अशा सगळ्या राज्यांच्या विधानसभा ठराव करून नको म्हणत नाहीत तोवर हे चालेल. गंमत अशी की मूळ 'मे' काढलाच नाही. तिसऱ्या कलमात पहिल्या ओळींत तो अजून बसलेला आहे आणि त्याच्या खालीच परंतुकात 'शॅल' बसलेला आहे, एकमेकांकडे न बघता. पुढे १९७६ साली राजभाषेचे नियम झाले. त्यांत देशाचे 'क', 'ख' आणि 'ग' असे विभाग पाडले, महाराष्ट्र 'ख'मध्ये. आणि पहिल्याच नियमात म्हटलं की हे नियम संपूर्ण भारताला लागू आहेत, तमिळनाडू सोडून. याला म्हणतात 'मे' नीट वाचणं. आपण 'ख' मिळाला म्हणून आनंदात राहिलो. नाहीतर आपल्याला आणखी काय मिळायचं होतं?

बाजारानं मात्र 'मे'ला जसं ओळखलं तसं सरकारलाही ओळखता आलं नाही. म्युच्युअल फंडाची जाहिरात संपताना एक माणूस श्वास न घेता काहीतरी बोलून जातो. कागदावर तेच मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. त्यातलं एक वाक्य नीट वाचा: "पास्ट परफॉर्मन्स मे ऑर मे नॉट बी सस्टेन्ड इन फ्युचर." मागं जसं झालं तसं पुढं होईल किंवा होणार नाही. माझ्या मते इंग्रजी भाषेत आजवर लिहिलं गेलेलं हे सर्वांत खरं वाक्य आहे. ते खोटं ठरण्याची सोयच नाही. ते प्रत्येक लग्नपत्रिकेवर, प्रत्येक जाहीरनाम्यावर आणि क्रिकेटच्या प्रत्येक संघनिवडीखाली छापता येईल.

बिस्किटाच्या पुड्यावर असतं की यात सुक्यामेव्याचा अंश असू शकतो. 'मे कंटेन'. ज्याला त्यानं पित्त उठतं तो बिचारा घाबरतो. बाकीचे काजू शोधत पुडा संपवतात आणि कंपनीनं फसवलं म्हणतात. खोकल्याच्या औषधावर असतं की झोप येऊ शकते. ती येत नाही, खोकला येतो.

आणि 'मे आय हेल्प यू'? इस्पितळात, बँकेत, पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात, निळ्या किंवा लाल अक्षरांत ही पाटी असते. तिच्यामागे एक टेबल, टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर. खुर्चीच्या पाठीला नॅपकिन. खुर्ची रिकामी. लोक चिडतात. मी म्हणतो, चिडायचं कशाला? पाटी काय म्हणते ते बघा. "मी आपली मदत करू का?" असा तो प्रश्न आहे. साऱ्या देशात यंत्रणा नागरिकाकडे परवानगी मागते ती या एकाच ठिकाणी. तुम्ही अजून 'हो' म्हणाला नाहीत, म्हणून तो माणूस जेवायला गेला आहे.

'मे'ला 'नॉट' जोडला की मग सगळेच हातपाय गळतात. 'मे नॉट' म्हणजे 'करायचं नाही' अशी मनाई, की 'कदाचित होणार नाही' अशी शंका? इंग्रजांनी हे ठरवलेलं नाही. त्यांच्याकडे वेळ आहे. पण सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे नसतो.

अशाच एका सोसायटीत सेक्रेटरीनं लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस इंग्रजीत लावली, कारण दोन भाडेकरू बंगलोरचे होते: रविवारी 'द लिफ्ट मे नॉट वर्क'. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त वकीलकाकांनी नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली लिहिलं, "म्हणजे लिफ्टला काम करण्यास मनाई आहे का? कोणत्या उपविधीनुसार?" पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की रविवारी भिशीच्या बायका येणार आहेत, बंद आहे की नाही ते एका शब्दात सांगा. सेक्रेटरीनं लिहिलं, कारागीर आला तर बंद, नाही आला तर चालू, म्हणून 'मे नॉट'. वकीलकाकांनी लिहिलं, मग 'माइट नॉट' हवं. बंगलोरच्या एका भाडेकरूनं अंगठा दाखवला. तो कुणाला दाखवला, यावर दोन दिवस गेले.

सर्वसाधारण सभेत हा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात आला. चर्चेअंती ठरलं की यापुढे नोटिसा मराठीतच लावाव्यात. सेक्रेटरीनं तिथल्या तिथं मसुदा वाचून दाखवला: "रविवारी लिफ्ट बंद राहू शकते." टाळ्या पडायच्या बेतात होत्या. तेवढ्यात वकीलकाका उठले. "शकते म्हणजे काय? तिला तसा अधिकार कुणी दिला?" मग 'बंद राहील' असं सुचवलं, तर खजिनदार म्हणाले, कारागीर आला नाही आणि लिफ्ट चालू राहिली, तर आपण खोटे पडू. 'बंद राहावी' असंही एकानं सुचवलं. त्यावर काकू म्हणाल्या, का राहावी? आमचं काय वाईट चिंतताय?

शेवटी हे काम वॉचमनवर सोपवलं. त्यानं रविवारी सकाळी पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं, 'लिफ्ट बंद', आणि पुठ्ठा सुतळीनं दाराला बांधला. भिशीच्या बायका पाच मजले चढून, दर मजल्यावर कठड्याला टेकत, वर पोचल्या. कारागीर आला नव्हता. लिफ्ट चालू होती. वकीलकाका तेवढे दिवसभर तीतून वर-खाली करत होते. पाटीत 'आहे' हे क्रियापद नसल्यामुळे ती आपल्याला लागू नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.